अण्णांना उघडता येईल अशी सायकल

माझी पहिली बॅटरीची सायकल 14 महिने बरी चालली. पंधराव्या महिन्यात, सप्टेंबरातल्या एका ओल्या सकाळी, आसऱ्याच्या पुलाच्या चढावर डिस्प्लेवर एक आकडा लुकलुकला आणि मोटर गप्प झाली. त्या दिवशी आमच्याकडे पाण्याचा दिवस होता. सोलापूरबाहेरच्यांना हे सांगावं लागतं. इथं नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, आणि येतं त्या दिवशी घरातल्या बाईचं घड्याळ नळाच्या हातात असतं. म्हणजे आधीच उशीर झालेला, वर ही 25 किलोची सायकल ढकलत पुलावर चढवायची. मागून एक रिक्षावाला ओरडला, "चार्जिंग संपलं काय अक्का?" चार्जिंग भरलेलं होतं, तेच तर दुखत होतं.

मी जुळे सोलापुरात राहते आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते. एका बाजूनं आठ-नऊ किलोमीटर. आमचं गाव तसं सपाट, पण गुडघे पन्नाशीला टेकलेले असले की रेल्वेचा पूलसुद्धा घाट वाटतो. स्कूटर मला कधी जमली नाही आणि आता शिकायची हौसही नाही. सायकल मात्र शाळेपासून चालवते. म्हणून मोटर लावलेली सायकल.

पहिली घेतली ती फोनवर फोटो बघून. दिसायला देखणी, बॅटरी फ्रेमच्या नळीत लपवलेली, एकही वायर बाहेर दिसत नाही. 32,000 रुपये. तेव्हा 'वायर दिसत नाही' हा मला गुण वाटला होता.

बंद पडल्यावर विकणाऱ्यांना फोन केला. त्यांनी नम्रपणे सांगितलं, सायकल आमच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा. सेंटर दुसऱ्या शहरात. कुरिअरवाल्याकडे गेले तर तो म्हणाला, सायकल नेतो, बॅटरी नेणार नाही, लिथियमची बॅटरी धोकादायक माल धरतात. विकणाऱ्यांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, मग बॅटरी काढून पाठवा. बॅटरी काढून पाठवली तर तिच्याशिवाय तपासणार कसं, याचं उत्तर चार दिवसांनी आलं: तपासता येणार नाही. मग कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतली वीज मोटरला हिशेबानं सोडणारी डबी, तीच तुम्ही पाठवा म्हटलं, तर ती स्टॉकमध्ये नाही. वॉरंटी 12 महिन्यांची, ती संपलेली. असे पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांत मी सिटी बस आणि शेअर रिक्षा यांत जे धक्के खाल्ले, त्यांचा हिशेब मी ठेवलेला नाही, नाहीतर हिशेब ठेवणं हे माझं कामच आहे.

शेवटी सायकल टेम्पोत घालून कन्ना चौकाकडच्या अण्णांकडे नेली. या दुकानात माझ्या वडिलांची सायकल ओव्हरऑइलिंगला यायची. वडील गिरणीत होते, आणि तेव्हा पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा. गिरण्या गेल्या, सायकली कमी झाल्या, अण्णांच्या वडिलांच्या जागी अण्णा बसले. दुकानात अजून तोच वास आहे, रबर सोल्युशनचा आणि ग्रीसचा.

अण्णांनी सायकल उलटी केली, खालची पट्टी खोलली आणि आत बोट घालून म्हणाले, "कुठनं घेतलाव हे अक्का?" कंट्रोलरची डबी तळहाताएवढी. झाकण उघडलं तर आत काळं, डांबरासारखं घट्ट रेझिन ओतलेलं. पाणी जाऊ नये म्हणून ओततात, ते खरं. पण त्यात एक भाग जळला तर बदलायचा कसा? "हे उघडायचंच नाही म्हणून केलंय," अण्णा म्हणाले, आणि भाच्याला फोन लावला.

भाचा पूर्व भागात मोटार वायंडिंगचं काम करतो. यंत्रमागांचं गाव असल्यामुळे मोटर बांधणारे हात इथं गल्लोगल्ली आहेत, हे मी विसरूनच गेले होते. पोरगा तिशीचा असेल. मामाशी तेलुगूत, माझ्याशी मराठीत आणि मीटरशी बहुतेक मनातल्या मनात बोलतो. त्यानं मागच्या चाकाच्या मोटरचा जोड सोडवला. आत तीन जाड वायरी, पिवळी, हिरवी, निळी. शिवाय पाच बारीक: लाल, काळी आणि तीन सिग्नलच्या. जाड वायरींतून मोटरला ताकद जाते. बारीक वायरी हॉल सेन्सरच्या, म्हणजे आतलं चुंबक या क्षणी कुठं आहे हे कंट्रोलरला सांगणाऱ्या.

मग त्यानं एक गंमत दाखवली. जाड वायरी सुट्या ठेवून चाक उलट्या दिशेनं फिरवायला सांगितलं. थोडं जड, पण फिरलं. मग पिवळी आणि हिरवी एकमेकींना टेकवली आणि म्हणाला, आता फिरवा. चाक कुणी आतून धरून ठेवल्यासारखं अडखळायला लागलं. प्रत्येक जोडीला तसंच झालं. म्हणजे वेटोळी तिन्ही धड आहेत. उलटं का फिरवायचं? तर या छोट्या मोटरींच्या पोटात गिअर आणि एकाच बाजूनं धरणारा क्लच असतो. सुलटं फिरवलं तर फक्त चाक फिरतं, मोटर झोपलेली राहते. हे मला 14 महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

हॉल सेन्सर ठीक, बॅटरीच्या टोकांना 39 व्होल्ट, म्हणजे तीही ठीक. गेला होता फक्त कंट्रोलर. बाजारातला साधा 36 व्होल्टचा कंट्रोलर अठराशे रुपयांत मिळतो. पोरानं स्वतःकडचा एक लावून बघितला. मोटर त्याच्यावर सुरेख फिरली, पण त्याच्या टेबलावरच्या सप्लायवर. आमची बॅटरी मात्र त्याच्याशी जुळेना. तिच्या आतलं सर्किट आधी आपल्याच कंपनीच्या कंट्रोलरशी डेटाच्या वायरीवरून ओळख पटवून घेतं. ओळख पटली नाही की करंट सोडत नाही. "ते सर्किट वगळून डायरेक्ट जोडता येईल," पोरगा म्हणाला, "पण मी जोडणार नाही." का, विचारलं तर म्हणाला, ते सर्किटच सेलना जास्त भरण्यापासून आणि जास्त रिकामं होण्यापासून वाचवतं. ते काढलं आणि रात्री चार्जिंगला लावलं तर घर तुमचं. त्या एका वाक्यानं माझा त्याच्यावर विश्वास बसला. 'काहीपण करून देतो' म्हणणारे पुष्कळ भेटतात.

धड मोटर, धड बॅटरी, धड चाकं आणि धड फ्रेम, असं सगळं असून सायकल मेली होती. आमच्या कारखान्यात एका मागाचा धोटा मोडला म्हणून कुणी माग भंगारात घालत नाही.

दुसरी घ्यायची ठरली तेव्हा मी क्रम उलटा केला. आधी अण्णांना विचारलं, "तुम्हाला काय उघडता येतं?" ते म्हणाले, "चाक, चेन, ब्रेक, बेअरिंग माझं. वायरचं भाच्याचं. डांबरात पुरलेलं कुणाचंच नाही." मग रविवारी त्यांना सोबत घेऊनच शहरातल्या एका चकचकीत दुकानात गेले. विकणारा मुलगा मोबाईलवरचं ॲप दाखवत होता. सायकल कुठं उभी आहे ते कळतं, किती कॅलरी जळल्या ते कळतं. अण्णा तोवर फरशीवर बसून खालून बघत होते. उठले आणि म्हणाले, "बाळा, मागचं चाक काढून दाखव की."

मुलगा हसला. मग अण्णा हसत नाहीत हे बघून थांबला. चाक काढायला कुठला पान्हा लागतो हे त्याला माहीत नव्हतं. तो आतून दुसऱ्याला घेऊन आला, त्यालाही जमेना, कारण मोटरची वायर फ्रेमच्या आतून गेलेली आणि तिचा जोड कुठं आहे ते दोघांनाही सापडेना. पंक्चर झालं तर? "सर्व्हिस सेंटरला आणा." इथं आहे का? "येणार आहे." अण्णांनी टायरवरचे आकडे वाचले, 27.5 इंची, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ही ट्यूब माझ्याकडं नाही. 26 इंची कधीही या.

त्या परीक्षेत तीन दुकानांतल्या सहा सायकली नापास झाल्या. एक जवळजवळ पास झाली होती. वायरी बाहेरून, जोड गोल वॉटरप्रूफ, बाणासमोर बाण आणून दाबायचे, साध्या सायकलीला मोटर लावायचं सुटं सामान, म्हणजे किट, मिळतं, त्यात सगळ्या कंपन्यांचे येतात तसे. पण तिची बॅटरी पुन्हा नळीतली, त्याच मापाची आणि त्याच कंपनीची. तीन-चार वर्षांनी बॅटरी थकणार हे नक्की, आणि तेव्हा ती कंपनी तो साचा बनवत असेल याची हमी कोण देणार? उत्तर आलं नाही. मी पर्स बंद केली.

मग किटच बसवायचं ठरलं. साधी 26 इंची लोखंडी लेडीज सायकल नवी घेतली, आणि मोटर, कंट्रोलर, डिस्प्ले वेगळे मागवले. मोटर पुढच्या चाकात की मागच्या, यावर अण्णांचा आणि भाच्याचा वाद झाला. भाचा म्हणे मागे, कारण माणसाचा भार मागे असतो, चाक घसरत नाही, आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर मोटरचा जोर नको. अण्णा म्हणे पुढे. त्यांचं कारण मला फार आवडलं. भार मागे असतो म्हणूनच पंक्चर मागे होतं, चाकाच्या तारा मागच्या तुटतात, चेन आणि फ्रीव्हीलही मागेच. जे चाक वरचेवर खोलावं लागणार ते साधंच असू द्या, म्हणजे गावातला कुठलाही पंक्चरवाला हात लावील. त्यांची अट एकच, चिमटा लोखंडीच हवा, ॲल्युमिनियमचा नको. मोटर जोर लावते तेव्हा तिचा आस उलटा फिरू बघतो आणि चिमट्याच्या खाचा फाकवतो. ॲल्युमिनियम वाकत नाही, एकदम तुटतं, आणि पुढचं चाक निसटलं तर दात गेले. लोखंडी चिमटा असूनही अण्णांनी शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड पट्टीचे दोन हात कापून घेतले. आसाच्या चपट्या बाजूला घट्ट बसणाऱ्या खाचेचे, दुसरं टोक चिमट्याला आवळलेलं. 120 रुपये. माझ्या मते सगळ्या सायकलीत हीच सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे.

मोटर 250 वॅटची, वेग 25 ला बांधलेला. हौसेनं 500 ची लावणारे आहेत, मी त्या वाटेला गेले नाही. पाव किलोवॅटच्या आतली मोटर आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतला वेग असेल तर मोटार वाहन नियमांत ती मोटारगाडी धरत नाहीत. नोंदणी नको, लायसन नको. मात्र हे विक्रेत्याच्या तोंडावर सोडू नये. पुण्याच्या एआरएआयसारख्या तपासणी संस्थेचा कागद आहे का ते विचारावं. पहिल्या फोनवर मला "मॅडम, सगळं कायदेशीर आहे" एवढंच ऐकायला मिळालं होतं.

कंट्रोलर वेगळ्या डब्यात, सीटखाली, चार स्क्रूवर. एक गोष्ट ध्यानात ठेवा. कंट्रोलर आणि डिस्प्ले जोडीनंच घ्यावे लागतात, एका घराण्याचा कंट्रोलर दुसऱ्या घराण्याच्या डिस्प्लेशी बोलत नाही. मी दोन जोड्या घेतल्या, एक कपाटात. मोटरच्या चाकाच्या तारा आखूड असतात, साध्या दुकानात त्या मापाच्या मिळत नाहीत, म्हणून 10 तारा जादा मागवल्या. अण्णांनी त्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर 'अक्का' लिहून माळ्यावर टाकल्यात.

बॅटरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. पहिल्या सायकलीत होती ती एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली लिथियम बॅटरी, 10 सेल एका रांगेत, भरली की 42 व्होल्ट. ती हलकी असते. पण आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 ला जातो, आणि कारखान्याच्या पत्र्याच्या शेडखाली काय होतं ते विचारू नका. म्हणून या वेळी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. तेवढ्याच ताकदीला वजन जास्त, पण उष्णता जास्त सोसते, आयुष्य लांब आणि पेट घ्यायची भीती कमी. 24 सेल, दोन-दोन जोडून 12 ची रांग, 38.4 व्होल्ट, 12 अँपियर-तास. गुणाकार केला तर 460 वॅट-तास होतात, म्हणजे अर्ध्या युनिटलाही थोडं कमी. मी पायडल मारत जाते, त्यामुळे किलोमीटरला साधारण 12 वॅट-तास पडतात. दिवसाआड चार्जिंगला लावते.

पॅक भाच्यानंच माझ्यासमोर बांधला. आधी एकेका सेलचं व्होल्टेज मोजून वहीत लिहिलं, मग जोड्या लावल्या, मग निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगनं चिकटवल्या. मध्ये इन्सुलेशनचा कागद, बीएमएस म्हणजे सेलना जपणारं ते सर्किट, फ्यूज, आणि सगळं पत्र्याच्या डब्यात कॅरिअरवर. एनएमसीचा पॅक मी गल्लीत बांधून घेतला नसता, हे स्पष्ट सांगते. एलएफपीचा घेतला, तोही फ्यूज आणि बीएमएस डोळ्यांनी बघून. चार्जर नवा, 43.8 व्होल्टचा. जुन्या सायकलीचा 42 चा चार्जर घरात होताच, आणि दोघांची पिन सारखीच. नव्या चार्जरनं जुनी बॅटरी कुणी भरली तर ती प्रमाणाबाहेर भरेल, म्हणून नव्यावर नेलपॉलिशनं मोठा लाल पट्टा ओढला आणि जुना कुलपात टाकला. घरातल्या मंडळींना व्होल्ट समजावण्यापेक्षा हे सोपं. उन्हाळ्यात एक पथ्य मात्र पाळते. घरी आल्या-आल्या तापलेली बॅटरी चार्जिंगला लावत नाही, जेवणं झाल्यावर लावते.

सगळं मिळून खर्च पहिल्या सायकलीपेक्षा चार हजारांनी कमी आला. दिसायला मात्र ती एखाद्या दूधवाल्याच्या सायकलीसारखी दिसते. वायरी केबल-टायनं बांधलेल्या, कॅरिअरवर खोका. मुलगी म्हणाली, "आई, हे काय गं?" पुढचं चाक बारीक खडीवर भुर्रकन जागच्या जागी फिरतं, तेव्हा थ्रॉटल सोडून पायानंच जावं लागतं, आणि आमच्या वाटेवर कुठं ना कुठं खोदकाम असतंच. भाच्याचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं ठरलं. जवळपास पाच किलोचा खोका काढून जिन्यानं वर नेणं हेही गुडघ्यांना आवडत नाही.

बिघडली का? बिघडली की. दोन महिन्यांतच, आणि पुन्हा त्याच आसऱ्याच्या पुलावर. डिस्प्ले चालू, मोटर गप्प. मी अण्णांना फोन लावला. मागून गिऱ्हाईकाचा आवाज, घणाचा ठोका. "अक्का, ब्रेकच्या मुठीतनं बारीक वायर खाली गेलीय बघा. दोन्हीकडच्या जोडातनं उपटा." उपटल्या. मोटर लागली. ब्रेक दाबला की मोटर बंद करणारी बारीक कळ असते त्या मुठीत. धुळीनं ती दाबलेलीच राहिली होती, म्हणजे कंट्रोलरला वाटत होतं मी ब्रेक धरूनच चालले आहे. "ब्रेक लागतील ना?" विचारलं. "लागतील, फक्त मोटर आपोआप थांबायची नाही, थ्रॉटल सोडून मग ब्रेक मारा आणि संध्याकाळी या." संध्याकाळी त्यांनी कळ पेट्रोलनं धुतली. पैसे घेतले नाहीत.

पुढं पावसाळ्यात चाक सुरू होताना थरथरायला लागलं, पुढे जायच्या ऐवजी खुर्र खुर्र करून अडायचं. हॉल सेन्सर. भाच्यानं मोटर उघडली, एक गेलेला होता तरी तिन्ही बदलले, म्हणाला एकदा पोट फाडलंय तर सगळंच बघू. 200 रुपये आणि एक दिवस. तेवढा एक दिवस शेअर रिक्षा.

जुनी सायकल सुटी सुटी झाली. फ्रेम अण्णांच्या दुकानामागं टेकलेली आहे. तिची ती अडेल बॅटरी अजून माझ्याकडे, गच्चीच्या जिन्याखाली सावलीत, वाळूच्या घमेल्यात. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर आहे. विकणाऱ्यांना दोन मेल केले आहेत. तिसरा या महिन्यात करणार आहे.

मागचं मोटरचं चाक मात्र अण्णांनी मजुरीच्या बदल्यात मागून घेतलं. दुकानाच्या सायकलीला बसवलं, भाच्याकडचा अठराशेचा कंट्रोलर लावला, आणि एका बंद पडलेल्या सायबर कॅफेच्या यूपीएसमधून निघालेल्या 12 व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढं एक जोडून 36 केले. जेमतेम आठ किलोमीटर जाते. चहा आणायला तेवढं पुष्कळ. परवा कारखान्यातून येताना ते शांती चौकात दिसले. कॅरिअरवर बॅटऱ्या, त्या हलू नयेत म्हणून गुंडाळलेला आमच्याच कारखान्यातला सेकंडचा टॉवेल, आणि हँडलला लटकवलेल्या चार ट्यूबा.